कोरड्या तांदळाचा निकाल

भानूबाई या वेसाव्याच्या कोळणीवर अन्याय झाला. एकोणीसशे छप्पनच्या भाद्रपदात, गौरीबरोबरचे गणपती बोळवले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, अंधेरीत, मोरेश्वर निवास नावाच्या दुमजली इमारतीच्या जिन्यात झाला. करणारे कुणी गुंडपुंड नव्हते. कचेरीत जाणारे, पेपर वाचणारे, तिन्हीसांजेला रामरक्षा म्हणणारे लोक होते. मी त्याच इमारतीत तळमजल्यावर राहतो. म्हणून नावानिशी लिहितो.

या अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं होतं, ‘फळ्यावरच्या गमतीजमती लिहा, दिवाळी आहे, जरा हलकंफुलकं असू द्या.’ गमती आहेत, त्याही सांगतो. पण पहिलं नाव भानूबाईचंच येणार. ज्यांना फराळाबरोबर हे पचणार नाही त्यांनी खुशाल पान उलटावं.

माझा धंदा सांगतो. दिवसा मी छापखान्यात खिळे जुळवतो. सभांची पत्रकं, संपाची पत्रकं, मधूनमधून मुंजीच्या आमंत्रणपत्रिका. मराठी मी शिकलो ती पत्रकांतूनच. पत्रकात जागा थोडी आणि राग जास्त, त्यामुळे आडवळणं घ्यायला मिळत नाहीत. संध्याकाळी मी नाक्यावरचा फळा लिहितो. पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर आमच्या मंडळाचा फळा आहे. वाणसामान आणायला निघालेला माणूस थांबतो, वाचतो, आणि घरी जाऊन सांगतो, ‘फळ्यावर आलंय.’ आमच्याकडे ‘फळ्यावर आलंय’ म्हटलं की वाद मिटतो. ही फळ्याची ताकद, आणि हाच त्याचा धोका.

फळा लिहायची हिकमत फार नाही. टॉर्चचे मेलेले सेल फोडून आतला कोळसा कुटायचा, घेवड्याच्या पाल्याच्या रसात खलायचा आणि फळ्याला फासायचा. मग तो असा काळाकुळकुळीत होतो की बघत राहावं. खडू साखरेच्या पाण्यात भिजवून वाळवला की अक्षर कुणाच्या शर्टाच्या बाहीने सहज पुसलं जात नाही. मथळा लाल, मजकूर पांढरा. चालता माणूस जेवढं वाचू शकेल तेवढंच लिहायचं. हे सगळं मला लवकर जमलं. जड जातं ते निराळंच. लोक जे लिहून घ्यायला येतात त्यातलं बरंचसं लिहायचं नसतं.

एक गृहस्थ सासऱ्यांच्या निधनाची बातमी घेऊन आले. मी स्टुलावर उभा, हातात खडू. विचारलं, ‘केव्हा गेले?’

‘जातीलच आता. डॉक्टरांनी हात टेकलेत. तू लिहून ठेव ना, म्हणजे लोकांना कचेरीतून येतायेता कळेल. सोयीचं पडतं.’

मी लिहिलं नाही. गृहस्थ रागावून गेले. ते सासरे पुढच्या वर्षी काठी टेकत नाक्यावर येऊन फळा वाचत होते. एक बाई तर शेजारणीचं नाव लिहायला सांगत होत्या. शेजारीण सकाळी नळ सोडत नाही, एवढाच गुन्हा. ‘मोठ्या अक्षरात लिही हं, तिला चष्मा आहे!’

आणि वाघाची गोष्ट. आरे कॉलनीच्या बाजूने बिबट्या खाली उतरला, म्हशीचं पारडू उचललं, एका माणसाला ओरबाडलं, अशी बातमी एके दिवशी वणव्यासारखी सगळ्या अंधेरीभर. बायकांनी पोरं घरात कोंडली. फळ्यापुढे ही गर्दी! ‘लिही रे, लिही.’ मी म्हटलं, ‘कुणी पाहिला?’ म्हणाले, गिरणीवाल्याने. गिरणीवाला म्हणाला, मी नाही बुवा, आमच्या भावजयीने. भावजय म्हणाली, इस्त्रीवाल्याने. असा एकेक पायरी चढत मी शेवटी एका दूधवाल्याच्या गोठ्यात पोचलो. दूधवाला डोकं खाजवत म्हणाला, ‘काय करणार, यार? झोप लागली, दूध टाकायला उशीर झाला. बाई शिव्या घालत होती, म्हणून म्हटलं रस्त्यात वाघ होता.’

एवढाच वाघ. पण त्या दिवसापासून माझा एक नियम झाला. बातमी आली की तिच्या मागे चढत जायचं, जोपर्यंत ‘मी या डोळ्यांनी पाहिलं’ म्हणणारा माणूस भेटत नाही तोपर्यंत. भेटला तर लिहायचं. नाही भेटला तर खडू खाली.

आता भानूबाई.

सव्वा महिना श्रावण आणि गणपती पाळलेली घरं गौरीविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी कोळणीची वाट बघत असतात. भानूबाई आमच्या इमारतीत मी हाफपँटमध्ये होतो तेव्हापासून येत होती. डोक्यावर पाटी, नाकात भली मोठी नथ, आणि आवाज असा की पहिल्या मजल्यावरचं मांजर तिच्या आधी जिना उतरून दारात हजर. त्या सकाळी दुसऱ्या मजल्यावर कर्णिकवहिनींच्या स्वयंपाकघराच्या दारात बसून तिने पापलेटं कापून दिली आणि ती शेजारच्या दारी गेली. थोड्या वेळाने वहिनींच्या लक्षात आलं की त्यांच्या मोत्यांच्या कुड्या कोनाड्यात नाहीत. गौरीला म्हणून पेटीतून काढल्या होत्या. आरडाओरडा झाला. भानूबाईला जिन्यातच अडवलं. पाटी उपडी केली, कमरेची पिशवी झाडली. काही मिळालं नाही.

इथे बापूसाहेब रेगे पुढे झाले. बापूसाहेब पेन्शनर, इमारतीतले वडीलधारे. कुणाच्या घरी वाटणीचं भांडण असो की सोयरीक, शब्द बापूसाहेबांचा. ते म्हणाले, ‘पोलिसांची पायरी कशाला? तांदूळ आहेत ना.’

ज्यांना ही रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. देवापुढे ठेवलेले मूठभर कोरडे तांदूळ संशयिताला चावायला द्यायचे आणि थुंकायला लावायचे. ओले निघाले तर माणूस खरा, कोरडे निघाले तर चोर. कोकणातल्या गावांतून ही परीक्षा मुंबईला आली, आणि इथे विजेचे दिवे लागले तरी ती काही परत गेली नाही.

भानूबाईने एकटीने तांदूळ चावले. सगळ्या जिन्यासमोर. वरच्या कठड्यावर बायका, खाली डबे हातात घेतलेले पुरुष. तांदूळ थुंकले ते केळीच्या पानावर खडखडत पडले. जसे घातले तसेच कोरडे.

मी तेव्हा छापखान्यात होतो. संध्याकाळी नाक्यावर आलो तर फळा आधीच भरलेला. आमच्या मंडळाचा चिटणीस वसंता, माझा शाळेपासूनचा मित्र, त्याने हौसेने लाल खडू संपवला होता: ‘मोरेश्वर निवासात चोरी. वेसाव्याची कोळीण भानू तांदळाच्या परीक्षेत पकडली गेली. भगिनींनी सावध राहावे.’

‘वसंता, हे काय लिहिलंस?’

‘बातमी.’

‘पाहिलं कुणी तिला घेताना?’

‘अरे, अख्खी बिल्डिंग होती ना तिथे!’

‘बिल्डिंगने तांदूळ पाहिले. कुड्या घेताना कुणी पाहिलं?’

‘तुझं हे वाघाचं शेपूट सोड रे आता. एका कोळणीसाठी एवढा कसला टाहो? उद्या दुसरीकडे मासे विकेल.’

दुसरीकडे विकणार कुठे? फळा वाचून त्याच संध्याकाळी स्टेशनपर्यंतच्या सगळ्या बिल्डिंगांनी तिला बंदी केली होती.

मी घरी गेलो. आई चुलीपाशी होती. विचारलं, ‘आई, तू होतीस?’

‘दारात होते.’

‘तू पाहिलंस?’

‘तांदूळ कोरडे होते रे.’

‘कुड्या घेताना पाहिलंस?’

आईने पोळी उलटली. म्हणाली, ‘सगळे म्हणत होते. मी एकटी काय बोलणार होते?’

मी चढत गेलो. शेजारच्या बिऱ्हाडाने पहिल्या मजल्याकडे बोट दाखवलं, पहिल्या मजल्याने दुसऱ्या. वर दार उघडलं ते कर्णिकवहिनींनीच. रडून रडून डोळे सुजलेले. सासूच्या हातच्या कुड्या होत्या, माणसाचा जीव तुटणारच. मी विचारलं, ‘वहिनी, तुम्ही तिला घेताना पाहिलंत?’

‘पाहिलं असतं तर हात नसता का धरला?’

‘मग कुड्या कोनाड्यात शेवटच्या पाहिल्यात केव्हा?’

वहिनींनी कोनाड्याकडे पाहिलं. आधल्या दिवशी गौरी बोळवताना गडबड, पाहुणे, पोराबाळांची धावपळ. कानातून केव्हा काढल्या, काढून कोनाड्यातच ठेवल्या का, काही धड आठवत नव्हतं. ‘तिथेच ठेवते नेहमी,’ एवढंच म्हणाल्या.

म्हणजे जिना संपला तरी डोळे भेटले नाहीत. वर होता फक्त एक ‘नेहमी’. त्यावर एका बाईचं पोट आणि नाव दोन्ही उडवून लावलं होतं.

मी वेसाव्याला गेलो. मनात पक्कं होतं की भानूबाई शिव्यांची लाखोली वाहील, मी तिला सांगेन की बाई, मी तुझ्या बाजूचा आहे, आणि आपण दोघं मिळून लढू. पत्रकात असंच असतं. भानूबाई अंगणात बसली होती. पाटी सून घेऊन जोगेश्वरीकडे गेली होती. मला बघून म्हणाली, ‘बस, बाला.’ आवाज ओळखू येईना.

मी म्हटलं, ‘भानूबाई, तुम्ही घेतलं नाही, मला ठाऊक आहे.’

‘तुना कसं ठावं? मनाच ठावं नाय.’

‘म्हणजे?’

‘तांदूल मीच मागलं. बापूसायेब बोलले, तवा मीच बोलले, आना तांदूल, देवाचे हायेत, मना कसला भ्याव? आनि कोरडे पडले.’ ती हाताच्या तळव्याकडे बघत राहिली. ‘देवाचे तांदूल खोटं बोलतील काय रे? माजेच हातानी घेतलं असंल, आनि मनाच कललं नसंल. सून बोलते, सासूबाय, घर शोधू काय? शोधलं आमी. चूल पन उकरली.’

मी बरंच ऐकलं आहे. संपात डोकी फुटलेली पाहिली आहेत. पण एका धडधाकट बाईला तिच्याच हातांवर संशय घ्यायला लावणं, याच्याइतकी नीच गोष्ट मी पाहिलेली नाही. जिन्यातल्या लोकांनी तिची पाटी बंद केली हे एक झालं. त्यांनी तिच्या आत शिरून तिची साक्ष काढून घेतली होती. मी घेतलं नाही, हे जगात फक्त तिला ठाऊक होतं, आणि आता तिलाही ठाऊक नव्हतं.

परत येताना मी ठरवलं. बिल्डिंगला पटवायचं नंतर. आधी भानूबाईला पटवायचं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर मी लिहिलं: ‘रविवारी संध्याकाळी नाक्यावर तांदळाची जाहीर परीक्षा. चोर सोडून सर्वांनी यावे.’ वसंता धावत आला. ‘अरे, वाट लागेल मंडळाची! बापूसाहेब वर्गणीदार आहेत.’ मी म्हटलं, ‘मग त्यांना पहिला मान देऊ.’

बापूसाहेब आले, आणि हसत आले. त्यांना वाटलं, पोरं आपल्या परीक्षेचा गौरव करतायत. तांदूळ त्यांनीच घरून आणले, देवापुढे ठेवून. गर्दी गिरणीपासून रस्त्यापर्यंत. भानूबाई मागे सुनेचा हात धरून उभी होती. सुनेनेच ओढून आणली होती.

मी स्टुलावर चढलो आणि विचारलं, ‘बापूसाहेब, कर्णिकांच्या कुड्या तुम्ही घेतल्यात का?’

‘काय बोलतोस काय!’

‘सगळ्यांसमोर विचारतोय. घेतल्यात का? घ्या, तांदूळ चावा.’

‘लाज नाही वाटत? तुझ्या बापाच्या वयाचा मी!’

‘भानूबाई माझ्या आईच्या वयाची आहे. चावा.’

नाही म्हणायची सोय नव्हती. त्यांचा चेहरा लाल झाला, कानशिलावरची शीर उडायला लागली. चावले, चावले, पुन्हा चावले. केळीच्या पानावर थुंकले. खडखड आवाज मागच्या ओळीपर्यंत गेला. कुणी हसलं नाही.

मग वसंताला पुढे ओढला. ‘मी कशाला, यार,’ म्हणत त्याने तोंडात घातले. त्याचेही कोरडे. गिरणीवाल्याचे जेमतेम ओलसर. एकेकाला मी तेच विचारलं, तसंच विचारलं, लोकांसमोर, बोट दाखवून. माणूस खरा की खोटा याच्याशी तांदळाला काही देणंघेणं नव्हतं. चारचौघांत बोट दाखवलं की घसा सुकतो, एवढाच त्यातला देव.

तेवढ्यात गर्दीतून दगडू पुढे आला. दगडू म्हणजे स्टेशनवरचा प्रसिद्ध पाकीटमार. त्याला सगळे दगडू कातऱ्याच म्हणतात, आणि तोही ‘ओ’ देतो. सरकारी भाकरी बऱ्याचदा खाऊन आलेला. मी त्याला बोलावलं नव्हतं. म्हणाला, ‘मला पण द्या की चार दाणे. एवढी जत्रा भरलीय, आम्हीच काय पाप केलंय?’

लोक हसले. मी विचारलं, ‘दगडू, कुड्या तू घेतल्यास?’

‘नाय साहेब. आपण जिने चढत नाय. दम लागतो.’

मजेत चावत राहिला, शेंगदाणे खातोय असा. आणि थुंकला तर पानावर नुसता लगदा.

मग मागून कोळणीचा तो आवाज, मांजराला जिना उतरायला लावणारा: ‘अगो बाय! त्याची तर पेज झाली!’

भानूबाई हसत होती. हसता हसता खाली बसली, पदर डोळ्यांना लावला, आणि मग कुणाकडेही न बघता, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, ‘मंग मी नाय घेतलं. नायच घेतलं मी.’

त्या संध्याकाळी मला वाटलं आपण जिंकलो. पण तसं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी बिल्डिंगने नवा पवित्रा घेतला. बापूसाहेब बाहेर पडेनासे झाले, पण बाकीचे म्हणू लागले, ‘ठीक आहे, तांदूळ खोटे. मग कुड्या कुणी घेतल्या ते सांग! तिने नाही, तर कुणी? नाव दे.’ म्हणजे चोर शोधून देण्याची जबाबदारी माझी, आणि तो मिळेपर्यंत चोर भानूबाईच. हा कुठला न्याय? रिकाम्या खुर्चीवर बसवायला कुणीतरी हवं, म्हणून जवळ उभ्या असलेल्या गरिबाला बसवायचं, याला हे लोक सत्यशोधन म्हणतात. ‘आम्हाला माहीत नाही’ हे तीन शब्द शिकलेल्या माणसाच्या घशाखालून उतरत नाहीत. त्यापेक्षा एक कोळीण गिळणं सोपं.

त्याच आठवड्यात एक तर्क निघाला. कर्णिकांच्या घरच्या मोलकरणीने काढला, का कुणी, ठाऊक नाही. वहिनींनी कुड्या गौरीच्या कानांत घातल्या असतील आणि काढायला विसरून त्या तशाच पाण्यात गेल्या असतील. सगळ्यांना तो आवडला. वहिनींचा हलगर्जीपणा देवीच्या नावावर जमा, आणि भांडण खलास. वसंता आनंदला. ‘लिहून टाक. कुड्या गौरीबरोबर गेल्या. सगळे खूश.’

‘कुणी पाहिल्या गौरीच्या कानात?’

‘अरे, आता तरी सोड!’

भानूबाईलाही हे कळलं. ती नाक्यावर आली, पाटी खाली ठेवली. ‘लिव बाला. गौरीसंगं गेल्या म्हनून लिव.’

‘भानूबाई, वहिनींना विचारलं मी. त्यांना आठवत नाही. बाकी कुणी पाहिलेलं नाही.’

‘नसंल पायलं. माजं तरी कुनी पायलं होतं? तरी लिवलंच ना तुमी, लाल खडूनी?’

‘म्हणूनच आता नाही लिहिणार.’

ती माझ्याकडे बघत राहिली. ‘माजेसाठी एवढं एक खोटं नाय लिवशील?’

‘खोट्यानेच तुमची वाट लागली.’

‘हुशार हायस,’ ती म्हणाली. ‘पाटी तुजे डोकीवर नाय ना.’

एक ओळ लिहिली असती तर दुसऱ्या दिवसापासून तिचे मासे खपले असते. ती मी लिहिली नाही याचं मला वाईट वाटतं, आणि पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा मी लिहिणार नाही. कारण ज्या फळ्याने सोयीसाठी एक खोटं लिहिलं, त्याने उद्या ‘भानूबाई निर्दोष’ लिहिलं काय आणि ‘वाघ आला’ लिहिलं काय, किंमत सारखीच. दुबळ्याकडे दांडगाई नसते, वशिला नसतो. त्याच्याकडे खरं असतं, तेवढंच. तेही आपण सोयीप्रमाणे वाकवायला लागलो तर उद्या दांडगे ते आपल्याहून सफाईने वाकवतील.

मी लिहिलं ते असं: ‘कर्णिकांच्या कुड्या कुठे गेल्या हे कुणालाही माहीत नाही. भानूबाईंनी घेतल्या असे कुणीही पाहिलेले नाही. या फळ्यावर तसे लिहिले गेले, ते खोटे होते.’ मथळा लाल, जागा तीच, अक्षर तेवढंच मोठं. वसंताने ‘खोटे’ऐवजी ‘गैरसमज’ घाल म्हणून हुज्जत घातली. मी म्हटलं, गैरसमज जिन्यात झाला असेल, पण लाल खडू आपण उचलला. सकाळी फळा ओल्या फडक्याने पुसलेला असायचा. संध्याकाळी मी पुन्हा लिहायचो. पुसणारा कंटाळला, मी कंटाळलो नाही.

हळूहळू बाकीच्या बिल्डिंगांनी बंदी उठवली. भानूबाईची पाटी पुन्हा स्टेशनपर्यंत फिरू लागली. पण मोरेश्वर निवासाच्या फाटकाशी ती थांबत नाही. ‘बोंबीऽल, मांदेली’ अशी हाक देत पुढे जाते. वरून कुणी ‘एऽ भानू’ म्हटलं तरी मान वर करत नाही.

एकदा मी तिच्याबरोबर चालत गेलो. म्हटलं, ‘आता फळ्यावर आलंय ना सगळं.’

‘फला कोन वाचतं? मना वाचता येत नाय. आनि तुमचे बायका काय नाक्यावर उभ्या रावून वाचतात? मना चोर बोलले ते जिन्यात. वरडून बोलले. मंग आता गुपचूप खडूनी काय लिवतोस? तितंच उभं रावून वरडा. मना कान हायेत, मी फाटकात उभी रावेन.’

मी हे घरी आईला सांगितलं. चार दिवसांनी सकाळी, भानूबाईची हाक रस्त्यावर आली आणि आई हातातलं काम टाकून बाहेर पडली. जिन्याच्या मधल्या वळणावर जाऊन उभी राहिली. माझी आई जोरात बोलल्याचं मी कधी ऐकलेलं नाही. भाजीवाल्याशीही ती कुजबुजते. कठडा घट्ट धरून ती ओरडली, ‘भानूबाई, मी इथेच होते! तुम्हाला घेताना मी पाहिलेलं नाही! कुणीच पाहिलेलं नाही! मी तेव्हा बोलले नाही, आता बोलतेय!’

फाटकात भानूबाई थांबली होती. वरच्या मजल्यावर दोन दारं उघडी होती, ती लागली. एक कडी तर खाडकन वाजली.

भानूबाईने बराच वेळ वाट पाहिली. मग म्हणाली, ‘एकच आवाज आला, बाय. त्या दिसा लय होते.’ आणि पाटी उचलून गेली.

आता तुम्ही. हा अंक मोरेश्वर निवासात जातो, मला ठाऊक आहे. बापूसाहेब, तुमच्या घरी जातो. कर्णिकवहिनी, तुमच्याही. पहिल्या मजल्यावरचे सगळे वाचतात. आणि तुम्ही, जे कधी अंधेरीला आलाही नाहीत, घाटकोपरला, मुलुंडला, बोरिवलीला पाटावर बसून हे वाचताय: तुमच्याही जिन्यात कुणाला तरी असंच ठरवलं गेलंय. मोलकरीण असेल, गडी असेल, विधवा भाडेकरीण असेल. तुम्ही तेव्हा दारात होता, आणि पाहिलेलं काहीच नव्हतं. मला तुमची सहानुभूती नको. मंडळाला वर्गणी नको. अंक खाली ठेवा. दार उघडा. ज्या पायरीवर उभं राहून तुम्ही गप्प बसलात त्याच पायरीवर जा, त्या माणसाचं नाव घ्या, आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणा: ‘मी पाहिलेलं नाही.’